सर्दीची गोळी घेण्याआधी पट्टी उलटी करा

सर्दी झालेलं गिऱ्हाईक मेडिकलमध्ये येतं आणि म्हणतं, "सर्दीची एखादी चांगली गोळी द्या, पण झोप येणारी नको." काउंटरच्या आतल्या बाजूला माझी बरीच वर्षं गेली, हे वाक्य काही बदललेलं नाही. त्यावर जी पट्टी निघते तिच्यातल्या एकेका गोळीत तीन-चार औषधं असतात. एखादं खरंच कामाचं, एखादं थोडंफार कामाचं आणि एखादं नुसतं नावाला. कुठलं कुठलं ते ओळखायला फार्मसी शिकावी लागत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्यांना, आणि घरात पहिलं बाळ आलेल्यांना, उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितोय.

पायरी १ : त्रास नेमका कशाचा, ते ठरवा

सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते, त्यात ऱ्हायनोव्हायरस आघाडीवर. त्यांना मारणारी गोळी माझ्याकडे नाही आणि मोठ्या हॉस्पिटलातही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, मग उतार पडतो, आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक जण मोकळे होतात. खोकला मात्र रेंगाळतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आधीच्या अभ्यासांची बेरीज मांडली, तेव्हा खोकला सरासरी १८ दिवसांच्या आसपास टिकतो असं निघालं. लोकांचा अंदाज होता सात ते नऊ दिवसांचा. त्यामुळे बाराव्या दिवशी "हे औषध लागू पडेना" म्हणत तिसरं सिरप मागणारे दर पावसाळ्यात येतात.

तेव्हा सर्दीचं औषध "काम करतं" याचा अर्थ इतकाच घ्यायचा, की ज्या त्रासासाठी घेतलं तो काही तास कमी झाला. सर्दीचे दिवस त्याने कमी होत नाहीत. म्हणून दुकानात यायच्या आधी स्वतःला विचारा: नाक बंद आहे की गळतंय? अंग दुखतंय, ताप आहे? घसा खवखवतोय? खोकला झोपू देत नाही? सगळंच एकदम क्वचित असतं. "सर्दीची गोळी" मागणं म्हणजे एक वाटी भाजी हवी असताना अख्खी थाळी मागवणं, आणि औषधाच्या थाळीतलं नको असलेलं ताटात टाकून देता येत नाही.

पायरी २ : पट्टी उलटी करून मागचं वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, तो वाचून काही कळत नाही. मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय, किती मिलिग्रॅम, ते छापलेलं असतं. दुकानात याला आम्ही 'कंटेंट' म्हणतो. एकाच ब्रँडला मागे 'प्लस', 'कोल्ड', 'टोटल', 'अ‍ॅडव्हान्स' असं शेपूट लागलं की आतलं मिश्रण वेगळं असतं. जुन्या नावाखाली कंपनीने मिश्रण बदललं असंही होतं. म्हणून मागच्या वर्षी हीच घेतली होती, हा पुरावा धरू नका.

इथे एक व्यवहारातली अडचण येते. आपल्याकडे चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि तुमच्या हातात येतो त्यावर "...मोल आयपी ५००" एवढंच. कापायच्या आधी पट्टी मागून घ्या आणि मागच्या बाजूचा फोनवर फोटो काढा. कोणी नाही म्हणत नाही.

पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ते मिळतं, हा वेगळा विषय. विनाचिठ्ठी औषधांची अशी वेगळी यादीच आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे काय सहज द्यायचं आणि काय नाही हे पुष्कळदा काउंटरवरच ठरतं.

पायरी ३ : मागे छापलेल्या नावांपैकी कामाचं कोणतं

पॅरासिटामॉल. हे काम करतं. ताप उतरतो, अंगदुखी-डोकेदुखी कमी होते. सर्दीच्या गोळीने "बरं वाटलं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर याच्यामुळे बरं वाटलेलं असतं. हे एकटं मिळतं आणि स्वस्त मिळतं. ताप किंवा अंगदुखी नसेल तर याचीही गरज नाही.

फिनाइलेफ्रिन. जवळजवळ प्रत्येक सर्दीच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. गोळीतून घेतलं तर ते करत नाही.

हे औषध गोळीत आलं कसं, ते सांगण्यासारखं आहे. पूर्वी नाक मोकळं करायला स्यूडोएफेड्रिन असायचं आणि ते काम करायचं. पण त्यापासून मेथॅम्फेटामिन हे अमली द्रव्य बनवता येतं. २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून ते काउंटरच्या मागे नेलं: ओळखपत्र दाखवा, वहीत सही करा, ठराविकच मिळेल. भारतातही ते नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. फडताळावरून सहज उचलता येईल अशी गोळी विकत राहायची तर पर्याय हवा होता, आणि कंपन्यांना फिनाइलेफ्रिन सापडलं. फ्लोरिडा विद्यापीठातले रँडी हॅटन आणि लेस्ली हेंडेलेस या दोघांनी २००७ मध्येच एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेकडे, अर्ज केला, की या गोळीच्या परिणामाचे पुरावे तपासा. तेव्हा गोळी बाजारात राहिली. २०१५ मध्ये नव्या चाचण्यांचे निष्कर्ष घेऊन ते पुन्हा गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने मतदान केलं आणि १६ विरुद्ध ० असा निकाल आला: नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेलं फिनाइलेफ्रिन बंद नाकावर परिणाम करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते विनाचिठ्ठी औषधांच्या मान्य यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला.

कारण साधं आहे. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात ते इतकं मोडून जातं की एक टक्क्याहूनही कमी भाग सक्रिय रूपात रक्तात पोचतो. नाकात थेट टाकलं तर ते काम करतं, आक्षेप गोळीबद्दल आणि सिरपबद्दल आहे. समितीने ते धोकादायक ठरवलेलं नाही, निरुपयोगी ठरवलंय. तरी पट्टीवर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सावधगिरीची सूचना असतेच. उपयोग नाही आणि जपायचं मात्र आहे, असा हा सौदा. आपल्याकडच्या पट्ट्यांवर ते अजून आहे. "नाक बंद आहे" म्हणून गोळी घेत असाल, तर त्या कामासाठी तुम्ही काहीच घेत नाही आहात.

क्लोरफेनिरामाइन, दुकानातल्या भाषेत सीपीएम. जुन्या पिढीतलं अ‍ॅलर्जीचं औषध. नाक वाहणं आणि शिंका यांवर मोठ्या माणसांना पहिले एक-दोन दिवस थोडा फायदा होतो, पुढे फरक राहत नाही. झोप येते ती यानेच. रात्री घेतलंत तर तोच फायदा, पण गाडी चालवायची असेल तर नको, आणि दारूबरोबर तर नकोच. घरातल्या आजोबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकू शकते, काचबिंदूचा एक प्रकार असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्यांना "माझ्यातली एक घ्या" म्हणून देऊ नका.

आता "झोप येणारी नको" वाल्यांसाठी. झोप कमी आणणारं म्हणून सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन दिलं जातं. धुळीच्या, परागकणांच्या अ‍ॅलर्जीला ते चांगलं आहे. विषाणूच्या साध्या सर्दीत त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. जे औषध झोप आणतं तेच वाहतं नाक थोडं सुकवतं, त्याला इलाज नाही.

कॅफिन असलं तर ते सीपीएमची सुस्ती घालवायला असतं. चहा प्या.

ही मिश्रणं इतकी कशी झाली, असं कोणी विचारलं तर उत्तर लांबेल. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अशा ३४४ ठराविक मिश्रणांवर बंदी घातली होती, सर्दी-खोकल्याचीही त्यात बरीच होती. प्रकरण कोर्टात गेलं, बंदी उठली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. फडताळ तरीही भरलेलंच आहे.

पायरी ४ : पॅरासिटामॉलची बेरीज करा

ही पायरी गाळू नका. ताप आहे म्हणून ६५०ची गोळी घेतली. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळी घेतली, तिच्यात ५०० पॅरासिटामॉल. एका वेळचे झाले ११५०. दिवसातून चारदा घेतलं तर ४६००. निरोगी मोठ्या माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, आणि वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर ती याहून खाली येते. वर डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडगोळी घेतली तर आणखी ३२५. तिन्ही पट्ट्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, आत माल तोच. जास्त झालं की यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. दोन पट्ट्या चालू असतील तर पॅरासिटामॉल त्यांपैकी एकीतच असू दे.

पायरी ५ : नाक बंद असेल तर नाकातच औषध घाला

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब किंवा स्प्रे. ऑट्रिव्हिन, नासिव्हिऑन ही नावं ऐकलेली असतील. हे नक्की काम करतं आणि काही मिनिटांत करतं. आधी नाक शिंकरून घ्या, मान किंचित पुढे झुकवून स्प्रे नाकाच्या बाहेरच्या बाजूकडे वळवून मारा, मधल्या पडद्यावर नको. रात्री झोपताना मारलात तर सगळ्यात जास्त कामी येतं.

अट एकच: तीन ते पाच दिवस, पुढे बंद. जास्त दिवस वापरलं की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा स्प्रे, पुन्हा चोंदणं. महिनोन्‌महिने उशाशी बाटली ठेवून झोपणारी माणसं आहेत, त्यांची सर्दी कधीच गेलेली असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारून घ्या. लहान मुलांसाठी कमी तीव्रतेची बाटली वेगळी असते आणि तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

मिठाच्या पाण्याचे थेंब मात्र बाळापासून आजीपर्यंत कोणालाही चालतात. जलनेती करत असाल तर पाणी उकळून थंड केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. नळाच्या किंवा साठलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचितच घडतं, पण घडलं तर जीव वाचणं कठीण.

पायरी ६ : खोकल्याच्या बाटलीकडून फार आशा ठेवू नका

कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. मोठ्यांत त्याचा फायदा झालाच तर थोडका. कफ 'पातळ करणारी' अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन यांचा साध्या सर्दीतला पुरावा त्याहून पातळ. टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल दिसलं तर ते दम्याच्या जातीचं, श्वासनलिका रुंदावणारं औषध आहे. दमा नसेल तर हात थरथरणं आणि छाती धडधडणं तेवढं मिळतं. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ बाहेर काढणारं अशी दोन्ही औषधं असली तर ती बाटली परत ठेवा.

मधाची बाजू त्या मानाने बरी आहे. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी रात्री खोकणाऱ्या मुलांच्या तीन गटांना झोपताना एकदा मध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा काहीच नाही असं दिलं. आईवडलांच्या सांगण्यानुसार सगळ्यात बरा मधवाला गट ठरला. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिकाही साध्या खोकल्यावर आधी मध सांगते. चमचाभर मध नुसता किंवा कोमट पाण्यात घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नका. बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला मध चाटवायची रीत असेल तर तिथेही नाही म्हणा.

पायरी ७ : घरात लहान मूल असेल तर

इथे माझं मत ठाम आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप दुकानातून, डॉक्टरांना न विचारता, आणू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते आठवा. 'कोल्ड्रिफ' सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडं बंद पडू लागली. त्यातली बरीच मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली गेली, वीसहून अधिक दगावली. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हा उद्योगात वापरायचा, चवीला गोडसर द्रव. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. मुंबईला हे विष नवीन नव्हतं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच द्रवाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले होते आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता.

भेसळ कंपनीची, तिचा दोष पालकांवर नाही. पण त्या बाटलीत भेसळ नसती तर काय असतं? पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. म्हणजे मुलाच्या सर्दीवर फारसं काहीच नाही. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखाली अजिबात नको, पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे नको.

मग द्यायचं काय? मिठाच्या पाण्याचे थेंब, वारंवार पाजणं, आणि ताप असेल तर एकट्या पॅरासिटामॉलचं सिरप वजनानुसार. त्यातही बाटली बघा. कुठे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, कुठे २५०, आणि बाळांच्या थेंबांत १ मिलीतच १००. डॉक्टरांनी दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिली, दुसरीतून ३ मिली आणि थेंबांतून दीड मिली. 'एक टोपण' हे माप यातल्या कशालाच लागू नाही. बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध बारा वर्षांखालच्यांसाठी २०११ पासून बंद आहे. घरात कोणाचं उरलेलं असेल तर मुलाच्या हातीच नको, नजरेसही नको.

कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या नाकाशी धरतात. ओव्याने काही बिघडत नाही, पण कापूर लहान मुलांना बाधतो, पोटात गेला तर झटकेही येतात. व्हिक्ससारख्या मलमातही कापूर असतो. दोन वर्षांखाली ते लावायचंच नाही, आणि कोणत्याही वयात नाकपुडीत घालायचं नाही.

पायरी ८ : घरगुती आणि 'इम्युनिटी'वाल्या गोष्टी

व्हिटॅमिन सी रोज घेणाऱ्या मोठ्यांची सर्दी साधारण ८ टक्क्यांनी लवकर संपते असं दिसलंय, म्हणजे आठवड्यात अर्ध्या दिवसाचा फरक. सर्दी झाल्यावर सुरू करून उपयोग होत नाही. झिंक सुरुवातीलाच घेतलं तर कदाचित दिवस कमी होतात, पण पुरावा कच्चा आणि मळमळ नक्की. वाफाऱ्याने बरं वाटतं, आजार लवकर जात नाही, आणि उकळत्या पातेल्याने मुलं भाजण्याचे प्रकार होतात, म्हणून मुलांना वाफ नको. मलमातलं मेंथॉल नाक उघडल्याचा भास देतं, हवा आधीइतकीच जाते. झोप लागत असेल तर भासालाही माझी हरकत नाही. आलं-गवती चहाच्या चहाबद्दल मात्र मी खुशाल होकार देतो. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये गरम पेय आणि तेच पेय साध्या तापमानाचं असं देऊन बघितलं, तर गरम पिणाऱ्यांना खोकला, शिंका, घसा या सगळ्यात लगेच बरं वाटलं. नाकातली हवा मोजली तर फरक शून्य. पण बिल किती आलं?

पायरी ९ : अ‍ॅझिथ्रोमायसिन मागू नका

"तीन गोळ्यांचं ते पाकीट द्या, मागच्या वेळी त्यानेच गेलं होतं." मागच्या वेळी सर्दी पाचव्या दिवशी आपणहून उतारावर होती, त्याच दिवशी पाकीट सुरू झालं. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे, आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले असंही नाही, सर्दीच्या मधल्या टप्प्यात तो रंग येतोच. या पट्टीवर ती लाल रेघ आहे, बघून घ्या.

पायरी १० : डॉक्टरकडे कधी

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बाळाची छाती श्वासाबरोबर आत ओढली जाणं किंवा त्याने दूध सोडणं: त्याच दिवशी जा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरी त्याच दिवशी. ताप तीन दिवसांपुढे गेला, किंवा उतरून पुन्हा चढला, तरी दाखवा. पावसाळ्यात नाक कोरडं ठणठणीत आणि ताप मात्र सणसणीत असेल तर ती सर्दी नाही. डेंग्यू-मलेरियाची तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळा, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालेल. गरोदर बाईने किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने मिश्रणाची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीसाठी ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. बहुतेकांची निगेटिव्ह येते, पण ज्यांची पॉझिटिव्ह येते त्यांचे सिरपच्या नादात आधीच काही आठवडे वाया गेलेले असतात. जाताना घेतलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाकून न्या. "छोटी पिवळी गोळी होती" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, आणि आम्हालाही नाही.